पावसाळ्यात बुडणारी, उन्हाळ्यात तहानलेली : वसई-विरारची पाण्यावरून ओळख

दर जुलैमध्ये नालासोपारा स्थानकाचे एक ठरलेले छायाचित्र प्रसिद्ध होते. रूळ दिसेनासे झालेले असतात, पाणी फलाटाच्या कडेला टेकलेले असते आणि लोकलची वाट पाहणारी माणसे छत्री सावरत उभी असतात. दर मे महिन्यात त्याच गावातून दुसरे छायाचित्र येते, आणि त्यात टँकरभोवती निळ्या पिंपांची रांग असते. एकाच शहरात, एकाच वर्षात, सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने पाणी नको इतके आणि पाणी हवे तितके नाही अशी दोन्ही संकटे कशी येतात, हा प्रश्न बाहेरच्या वाचकाला पडतोच. पण तिथे वीस वर्षे राहणाऱ्यांपैकीही अनेकांना त्याचे नीट उत्तर देता येत नाही. उत्तर अवघड नाही. मात्र त्यासाठी वसई-विरारकडे इमारतींच्या बाजूने न पाहता जमिनीच्या उंचसखलपणाकडून पाहावे लागते. तसे पाहिले की पूर आणि टंचाई तर उलगडतेच, शिवाय या शहरात इतक्या वेगवेगळ्या जातीधर्मांची आणि बोलींची माणसे नेमकी जिथे आहेत तिथेच का आहेत, हेही बरेचसे कळते.

आधी नकाशा : तीन पट्टे आणि दोन खाड्या

वसई-विरार मुंबईच्या उत्तरेला, पालघर जिल्ह्यात आहे. चर्चगेटहून सुटणारी लोकल विरारला पोहोचेपर्यंत सुमारे ६० किलोमीटर धावते. भाईंदर सोडल्यावर ती वसईची खाडी ओलांडते आणि नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार अशी चार स्थानके घेते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला सहाशे मीटरहून उंच तुंगारेश्वरचा डोंगर, अशा चौकटीत हे शहर बसले आहे. डोंगरापासून समुद्रापर्यंतचे अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर भरते.

या दहा-बारा किलोमीटरांत जमिनीचे तीन पट्टे आहेत. समुद्राला लागून वाळूचा थोडासा उंच वरंबा आहे. लाटांनी आणि वाऱ्याने हजारो वर्षे आणून टाकलेल्या या वाळूवर आज नारळी, केळी आणि भाजीच्या वाड्या आहेत. त्याच्या मागे सखल जमीन आहे, जिथे पूर्वी भरतीचे पाणी शिरत असे आणि जिथे पुढे भातखाचरे व मिठागरे झाली. तिच्याही मागे डोंगरपायथ्याची चढण, पाडे, जंगल आणि धरणे आहेत. आकार कळायला कडा असलेले ताट डोळ्यांसमोर आणावे : एक कड डोंगराची, दुसरी ठेंगणी कड वाळूची आणि मधला खोलगट भाग सखल जमिनीचा. आजचे शहर, म्हणजे स्थानकांभोवतीचा दाट इमारतींचा भाग, बहुतांशी या खोलगट भागात उभा आहे. लेखात पुढे जे काही आहे ते या एका वाक्यातून निघते.

वाळूखालचे गोडे पाणी

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहीर खणली आणि पाणी गोडे लागले, याचे नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. भुईगाव, निर्मळ, आगाशी या भागांत मात्र पिढ्यानपिढ्या असेच चालत आले आहे. कारण असे की पावसाचे पाणी वाळूतून सहज खाली झिरपते आणि खाली समुद्राकडून आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर जाऊन बसते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असल्यामुळे गोडे पाणी वर राहते, जशी मिसळीच्या रश्श्यावर तर्री राहते. उपमा इथवरच चालते, कारण तर्री रश्श्यात विरघळत नाही. गोडे आणि खारे पाणी मात्र हळूहळू एकमेकांत मिसळते, आणि एकदा मिसळले की त्यांना पुन्हा वेगळे करणे शेतकऱ्याच्या हातात राहत नाही.

खाडीत तरंगणारा ओंडका थोडाच वर दिसतो आणि बराचसा पाण्याखाली असतो. गोड्या पाण्याच्या या थराचेही तसेच असते. शास्त्राचा ढोबळ हिशोब सांगतो की भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकू शकते. वाळूची जाडी आणि खालचा खडक यांप्रमाणे प्रत्यक्षातला आकडा बदलतो, पण प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण ते उलट दिशेनेही लागू पडते. उपसा करून वरची पातळी एक मीटरने खाली नेली, तर खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते. कूपनलिकेला पाणी भरपूर लागले म्हणून आनंद झालेल्या माणसाला तीन-चार उन्हाळ्यांनी चहा खारट लागू लागतो तो यामुळे.

वसईच्या जुन्या शेतकऱ्याने हे समीकरण कधी कागदावर मांडले नव्हते, पण त्याच्याकडे बावखल होते. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे उथळ तळे. त्याचे काठ उतरते असतात, तळ सहसा बांधलेला नसतो आणि भोवती उंबर, भोकर किंवा नारळ उभे असतात. निर्मळ-नंदाखालच्या एखाद्या गल्लीतून चालताना डाव्या हाताला अचानक हिरवट, थंड पाण्याचा चौकोन दिसतो. काठावर खंड्या बसलेला असतो, पाण्यात केळीचे एखादे तुटलेले पान पडलेले असते आणि कोपऱ्यात विजेच्या मोटारीचा घरघराट चाललेला असतो. त्या मोटारीच्या जागी पूर्वी रहाट होता. जनावर गोल फिरे, पोहऱ्यांची माळ खाली-वर होई आणि पाटातून पाणी केळीच्या बुंध्याशी जाई. पावसाळ्यात वाडीतले पाणी उताराने बावखलात उतरे, तिथे साचे, सावकाश खाली मुरे आणि गोड्या पाण्याचा थर जाड करी. उन्हाळ्यात तोच थर बावखलात आणि विहिरीत पाझरे. साठवण, मुरवण आणि पूरनियंत्रण ही तीन कामे एकच खड्डा करीत होता, तेही कोणत्याही खात्याची मंजुरी न घेता.

बावखल बुजवले तर नेमके काय बिघडते? जागा सपाट होते, तिच्यावर बंगला किंवा इमारत उभी राहते आणि सातबाऱ्यावर विशेष फरकही दिसत नाही. मात्र जे पाणी तिथे थांबत होते ते आता रस्त्यावर थांबते, जे मुरत होते ते मुरत नाही आणि शेजारच्या चार विहिरींचा थर पातळ होतो. एका कुटुंबाचा फायदा होतो आणि नुकसान आळीच्या वाट्याला येते. म्हणूनच हा व्यवहार थांबवणे कठीण असते.

वाडी, खार आणि पाडा : माणसेही पट्ट्यांप्रमाणे

पाणी जिथे जसे, तिथे तसा धंदा; आणि धंदा जसा, तशी वस्ती. वाळूच्या पट्ट्यावर बागायत करणारे सामवेदी, वाडवळ, पाचकळशी असे समाज राहिले. नागवेलीची पाने, केळी, नारळ, फुले आणि भाजी ही त्यांची पिके. भल्या पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादर, वांद्रे, पार्ल्याला उतरणाऱ्या वसईच्या भाजीवाल्या बायका मुंबईच्या तीन-चार पिढ्यांनी पाहिल्या आहेत. राजेळी केळी सोलून, उन्हात दिवसचे दिवस वाळवून केलेली सुकेळी याच पट्ट्यातली, आणि ती घ्यायची तर कार्तिकात भरणाऱ्या निर्मळच्या यात्रेत, हा जुना शिरस्ता. निर्मळ गावाची गंमत अशी की तळ्याकाठी शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे, गावात ख्रिस्ती वस्ती मोठी आहे आणि यात्रेची वाट दोन्ही घरांतली मुले सारख्याच उत्सुकतेने पाहतात.

अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव या टोकांना कोळीवाडे आहेत. सखल पट्ट्यात मीठ आणि भात पिकवणारे आगरी; आगर या शब्दावरूनच त्यांचे नाव आले असे मानले जाते. डोंगरपायथ्याला वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. सोपाऱ्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आणि आगाशीत जैनांचे तीर्थस्थान. गेल्या चार दशकांत यांच्यात गुजराती, मारवाडी, मल्याळी, बंगाली, उत्तर भारतीय आणि अर्थातच गिरगाव-परळ सोडून आलेली मराठी कुटुंबे मिसळली. ही नवी मंडळी प्रामुख्याने मधल्या पट्ट्यातल्या इमारतींमध्ये आणि पूर्वेकडे वालीव-सातिवलीच्या कारखान्यांभोवतीच्या चाळींमध्ये राहिली, कारण परवडणारी जागा तिथेच होती. आपण ज्याला बहुरंगी शहर म्हणून कौतुकाने मिरवतो, त्यातल्या प्रत्येक रंगाची समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी आहे, आणि पाणी भरते तेव्हा ती उंचीच मोजली जाते.

‘वसईचे ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांचे वंशज ना?’

हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर इथेच द्यायला हवे. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, ती त्यांच्याकडे राहिली. गोव्याच्या उत्तरेकडील त्यांच्या मुलखाची ही राजधानी होती. या काळात इथल्या अनेक कुटुंबांचे धर्मांतर झाले; डाबरे, लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज ही आडनावे तेव्हाची. आडनाव बदलले तरी जमीन, शेजार आणि बोली बदलली नाही. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी असेही म्हणतात, आणि सामवेदी ब्राह्मण आजही एकाच कादोडी बोलीत बोलतात; ती मराठीचीच एक बोली आहे. इथल्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होतो. १५५०च्या दशकात वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये जपानातल्या नागासाकी येथे क्रूसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया यांना १८६२ मध्ये संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. आणि २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठी ख्रिस्ती हा शब्दप्रयोग ज्यांना अजूनही अवघडल्यासारखा वाटतो, त्यांनी वसईत एक रविवार काढावा.

पोर्तुगीजांच्याही आधीचा काळ पाहायचा तर सोपाऱ्याला जावे लागते. शूर्पारक या नावाने हे बंदर प्राचीन ग्रंथांत येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतही त्याचा उल्लेख आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या स्तूपाचे उत्खनन केले; अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेव्हा सापडला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. बंदर होते म्हणजे तिथवर गलबते येत होती, आणि गलबते येत होती म्हणजे तिथे खोल खाडी होती. वसईचा किनारी भाग मुख्य भूमीपासून सोपाऱ्याच्या खाडीने तुटलेला होता आणि जुन्या कागदपत्रांत वसईला बेट म्हटले जाई. पुढे खाडी गाळाने भरत गेली, माणसांनी बांध घातले, भात लावले, मिठागरे केली आणि शेवटी इमारती बांधल्या. इमारतींना तिथे कधीकाळी खाडी होती हे आठवत नाही; भरतीला मात्र आठवते.

रूळ आले आणि शहर मधल्या पट्ट्यात उतरले

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली. रूळ टाकायला सरळ, सपाट जागा लागते आणि ती मधल्या सखल पट्ट्यात होती. म्हणून लोहमार्ग तिथून, मातीच्या भरावावरून गेला. जुनी वसई, आगाशी, अर्नाळा ही वस्तीची गावे रुळांपासून दूरच राहिली. स्थानकाचे नाव नुसते वसई नसून ‘वसई रोड’ आहे ते त्याचमुळे : हा वसईला जाण्याचा रस्ता आहे, वसई पुढे आहे.

जवळपास शंभर वर्षे यात फारसा फरक पडला नाही. मग मुंबईतली घरे महागली, गिरण्या बंद पडल्या आणि स्थानकापासून चालत जाता येईल अशा जागेची किंमत एकाएकी वाढली. ती जागा भाताची होती. १९९० मध्ये या प्रदेशासाठी सिडको या राज्य सरकारच्या शहरे वसवणाऱ्या कंपनीला नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवण्याचा अधिकार तिला मिळाला. तिने तयार केलेला विकास आराखडा शासनाने २००७ मध्ये मंजूर केला. आराखडा येईपर्यंतच्या सतरा वर्षांत लोक थांबून राहिले नव्हते. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व पन्नासहून अधिक गावे एकत्र करून महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर भरली. घर आधी, रस्ता नंतर, गटार त्याच्याही नंतर, असा क्रम इथल्या कित्येक वसाहतींचा राहिला आहे.

मग पाणी तुंबते कसे?

इथे थोडे गणित करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तेव्हा १०० मिलिमीटर पाऊस एका गुंठ्यावर पडला की पाणी होते सुमारे दहा हजार लिटर, म्हणजे रस्त्यावर दिसणारा मोठा टँकर भरून. मे महिन्यात ज्याच्यासाठी भांडणे होतात तो टँकर जुलैत एका मुसळधार दिवसात प्रत्येक गुंठ्यावर फुकट रिकामा होतो. एकरावर चाळीस टँकर. पूर्वी भातखाचरांचे बांध हे पाणी काही काळ धरून ठेवीत आणि मग सावकाश सोडीत. काँक्रीटवर ते थांबत नाही, एकदमच निघते.

निघून जाणार कुठे? तुंगारेश्वरच्या उतारावरून आलेले पाणी खोलगट भागात उतरते. तिथून समुद्राकडे जाताना आधी लोहमार्गाचा भराव आडवा येतो. त्याखालच्या मोऱ्या जेव्हा बांधल्या तेव्हा पाणी भातशेतीतून सावकाश येत होते, त्या हिशोबाने त्या ठीक होत्या. मोऱ्यांतून पाणी पार झाले की नाले लागतात, आणि नाल्यांचे तोंड खाडीत उघडते. खाडीला भरती असेल तर खाडीतले पाणी नाल्यापेक्षा उंच असते आणि प्रवाह उलटा वाहू लागतो.

खारजमिनीत शेती करणाऱ्यांनी यावर जुना उपाय काढला होता. समुद्राच्या बाजूने मातीचा बांध घालायचा आणि बांधाला उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे एका बाजूलाच उघडणारे दार : ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर जाते, भरतीला बाहेरचे पाणी ते दाबून बंद करते. स्वयंपाकघरात प्रेशर कुकरची शिट्टी जशी वाफ बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही, तसे. उघाडी बंद असलेले पाच-सहा तास पावसाचे पाणी आत कुठेतरी थांबायला हवे. ते भातखाचरांत, मिठागरांच्या कप्प्यांत आणि बावखलांत थांबत असे. या जागाच भरून काढल्यावर उघाडी नीट असली काय आणि नसली काय, पाणी तळमजल्यावर येणारच.

जुलै २०१८ मध्ये हे सगळे एकदम घडले. काही दिवस मोठा पाऊस झाला, विरारच्या दिशेची लोकल सेवा बंद पडली, लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेत अडकल्या, वसईच्या मिठागरांतली वस्ती चहूबाजूंनी वेढली गेली आणि अनेक वसाहतींत वीज गेल्यावर प्यायचे पाणीही मिळेना. त्यानंतर महापालिकेने नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून पुराचा अभ्यास करवून घेतला. धारण तलाव हा शब्द वसईकरांना तेव्हापासून परिचित झाला. भरती उतरेपर्यंत पाणी धरून ठेवणारा मोठा खोल तलाव असा त्याचा अर्थ. थोडक्यात, सरकारी खर्चाने बांधायचे बावखल.

‘मुंबईही भराव घालूनच वसली, मग वसईनेच काय पाप केले?’

हा आक्षेप रास्त आहे. सात बेटे जोडून उभी राहिलेली मुंबईही पावसात तुंबतेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. फरक पैशाचा आहे. त्यानंतर मुंबईने हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी उदंचन केंद्रे उभारली, म्हणजे भरतीच्या वेळी प्रचंड पंप लावून पाणी उचलून समुद्रात फेकण्याची सोय केली. अशा यंत्रणेला बांधायला आणि पुढे दर पावसाळ्यात चालवायला जो खर्च येतो, तो देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला झेपतो. वसई-विरारची तिजोरी त्या मापाची नाही, आणि निसर्गाने जे काम फुकट करून दिले होते ते काढून टाकल्यावर तेच पंपाने करायचे म्हणजे आजोबांची विहीर बुजवून बाटलीबंद पाणी विकत घेण्यासारखे आहे.

‘सूर्याचे पाणी आले ना? मग टँकर का?’

मोठ्या शहराचे पाणी दशलक्ष लिटर प्रतिदिन या मापाने मोजतात. एक दशलक्ष लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. वसई-विरारचे जवळचे स्रोत लहान आहेत : उसगाव धरणातून रोज सुमारे २०, पेल्हारमधून १० आणि विरारच्या पापडखिंडीतून अवघे १ दशलक्ष लिटर. खरा आधार सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचा आहे. तिथून आधीच्या योजनांचे सुमारे २०० दशलक्ष लिटर येत होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) नव्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला असा वाटा ठरला. एक माणूस, दिवसाला १३५ लिटर, हे शहरांसाठीचे प्रमाण धरले तर वीस लाख लोकांना २७० दशलक्ष लिटर पुरायला हवेत. म्हणजे कागदावर पाणी पुरेसे आहे.

तरी टँकर दिसतात, कारण धरणापासून शहराच्या वेशीपर्यंतची मोठी जलवाहिनी आणि वेशीपासून तुमच्या टाकीपर्यंतची छोटी नळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नात आचाऱ्याने हंडाभर आमटी केली, पण वाढपीच चार असले तर शेवटच्या पंगतीला कोरडा भात खावा लागतो. उंच टाक्या, वसाहतींपर्यंतच्या वाहिन्या आणि गळती थांबवणे या वाढप्यांच्या कामात शहर मागे आहे. शिवाय परवानगीशिवाय बांधलेल्या इमारतींत नळजोडणीचा प्रश्न वेगळा असतो आणि टँकरवाल्याला कागद लागत नाहीत.

या पाण्याला दुसरीही बाजू आहे. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू-पालघरच्या आदिवासी पट्ट्यातल्या शेतीसाठी होता. तिथले शेतकरी विचारतात की कालव्याचे पाणी शहराच्या नळाला का गेले. वसईकराने हा प्रश्न झटकून टाकू नये, कारण अगदी हाच प्रश्न वसईच्या पश्चिम पट्ट्याने एकेकाळी विचारला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईच्या झेंड्याखाली दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी जे आंदोलन केले, त्यात गावच्या विहिरी उपसून नव्या इमारतींना टँकर नेण्यालाही विरोध होता.

२९ गावे आणि शहर नको म्हणणारी माणसे

महापालिका झाली तेव्हा पश्चिमेच्या वाड्यांतून आणि पूर्वेच्या पाड्यांतून ‘आम्हाला वगळा’ अशी मागणी उठली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वसईतून विवेक पंडित याच प्रश्नावर अपक्ष निवडून आले. ३१ मे २०११ रोजी राज्य सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, स्थगिती आली आणि गावे वर्षानुवर्षे ना धड आत ना धड बाहेर अशी राहिली. २०२४ मध्ये सरकारने वगळण्याचा निर्णयच मागे घेतला.

शहरात राहणाऱ्याला हे हट्टीपणाचे वाटते : रस्ते, दिवे, दवाखाने कोणाला नको असतात? पण गास किंवा निर्मळच्या शेतकऱ्याचे म्हणणे पट्ट्यांच्या भाषेत मांडले की स्पष्ट होते. त्याच्या पायाखाली शहरातले शेवटचे मुरवणारे रान आहे. महापालिका आली की कर येतो, त्यामागून चटईक्षेत्र येते, म्हणजे एका भूखंडावर किती मजले चढवता येतील याची परवानगी. मग केळीपेक्षा मजला जास्त पिकतो. विरोधकांत सगळेच निःस्वार्थ होते असे मानायचे कारण नाही. ग्रामपंचायतीतल्या खुर्च्यांचाही त्यात वाटा होता, आणि हिरव्या पट्ट्यात गुपचूप बंगले बांधणारे गावकरीही आहेतच. तरी मूळ मुद्दा खरा उरतो की हा पट्टा बांधला गेला तर त्याची किंमत सखल भागातल्या तळमजल्यांनाही मोजावी लागेल.

घर घेताना काय पाहावे?

२०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. ती जागा आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव होती. म्हणजे शहराचे घाण पाणी जिथे स्वच्छ व्हायचे, तिथे माणसे राहायला गेली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. गणपतीचे दिवस होते.

म्हणून बांधकाम परवानगीची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागातून स्वतः पडताळून पाहावी. विकणाऱ्याने दाखवलेल्या शिक्क्यावर विसंबू नये. भूखंडावर आरक्षण आहे का ते आराखड्यात पाहावे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत परवानगीप्रमाणे बांधली असून राहण्यास योग्य आहे असा महापालिकेचा दाखला, असल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. जागेचे जुने नावही विचारावे. नावात खार, मिठागर किंवा तलाव असेल तर ते उगाच नसते.

आणि एक चाचणी फुकट आहे. आषाढातल्या किंवा श्रावणातल्या अमावास्येला वा पौर्णिमेला, जेव्हा या किनाऱ्यावर मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, त्या वेळी इमारतीजवळच्या नाल्यापाशी जाऊन उभे राहावे, पाण्यात एक वाळके पान टाकावे आणि ते खाडीकडे जाते की इमारतीकडे येते ते पाहावे.